गोठ्याचा हिशेब

बोदलकसा हे नाव आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे ते सहलीमुळे. तिरोडा तालुक्यातला तो विस्तीर्ण जलाशय, भोवतालच्या टेकड्या, पलीकडे नागझिऱ्याचे जंगल, हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी. एवढे पाहून सहल परत फिरते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु धरणाच्या पाळीखालची गावे, तेथील दोन-तीन एकरांची धानाची शेती, घरामागची वाडी आणि गोठ्यातली चार जनावरे पाहण्यासाठी सहसा कोणी थांबत नाही. प्रस्तुत लेखक त्याच भागातल्या एका लहान शेतकरी कुटुंबातला आहे. म्हणून जे सहलीत दिसत नाही त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

या लेखाचे निमित्त मात्र वर्गातले आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात शेतीच्या प्रकरणानंतर 'पूरक व्यवसाय' म्हणून एक छोटे प्रकरण येते. गाय, शेळी, कोंबडी, मासे ही त्याची उदाहरणे. शेती हे मुख्य उत्पन्न आणि जनावरे ही त्यावरची वरकमाई, असा त्याचा एकंदर सूर असतो. ते वाचताना मला आमचे घर आठवे आणि काहीतरी जुळत नाही असे वाटे. आमच्याकडे गोठा शेतीला 'जोडलेला' नाही. शेत, घर, तलाव आणि जंगल या चार गोष्टी एकमेकींना ज्या ठिकाणी जोडल्या जातात, ते ठिकाण म्हणजे गोठा. तो काढला तर चारही गोष्टी सुट्या होतात. हे कसे, ते हिशेबानेच दाखवण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रथम भूगोल. गोंदिया जिल्हा हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाचा प्रदेश. पाऊस भरपूर, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडून जातो. धानाला पाणी लागते ते नेमके पाऊस ओसरल्यावर, दाणा भरण्याच्या वेळी. ही अडचण आपल्या पूर्वजांनी तलाव बांधून सोडवली. कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी उताराचा अचूक अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे, हे आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. पुढे इंग्रजी अमदानीत मालगुजारांच्या ताब्यात हे तलाव आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोकांनी त्यांना 'मामा तलाव' असे जिव्हाळ्याचे नाव दिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बोदलकसा जलाशय त्यांतला नव्हे. तो सरकारने बांधलेला आणि आकाराने पुष्कळ मोठा. सरकारी नोंदीत त्याचे साल १९१७ आहे. परंतु त्याच्या आसपासच्या गावांची राहणी मात्र तलावांच्या मुलखाचीच आहे. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याचा सलंग हे शब्द आमच्याकडे लहान मुलालाही समजतात.

आता आमच्या घराचा पसारा सांगतो. अडीच एकर बांधी, म्हणजे धुऱ्यांनी बांधलेली धानाची शेती. घरामागे पाचेक गुंठ्यांची सांदवाडी. दोन बैल, एक गाय, चार-पाच शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या. आमच्यासारखी घरे गावात पुष्कळ आहेत, आणि महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. १९७०-७१ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर इतकी खाली आली. तेव्हा अडीच एकरांच्या कुटुंबाचा प्रश्न हा आता अपवादाचा प्रश्न राहिलेला नाही.

या घराचे वर्ष मृगाला सुरू होते. उन्हाळ्यात शेणखत बंडीत भरून बांधीत टाकलेले असते. पहिल्या पावसाबरोबर पऱ्हे टाकतात. पाणी साचले की बैल चिखलात उतरतात, आणि मग आषाढभर रोवणी चालते. धुऱ्यांवर तूर लावतात; बांधीत गुडघाभर पाणी असले तरी धुरा कोरडा राहतो, त्यामुळे इंचभर जागासुद्धा वाया जात नाही. धान निसवून पिवळे पडू लागले की कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी उभ्या धानातच, ओल्या जमिनीवर, लाखोळी किंवा जवस फेकतात. याला 'उतेरा' म्हणतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून होईपर्यंत त्याखाली दुसरे पीक बोटभर वर आलेले असते.

यात जनावर कोठे आले? प्रत्येक पायरीवर आले. धानाचे तणस हा बैलांचा वर्षाचा चारा. पण तणस हे निकस अन्न आहे. त्यात प्रथिने अगदी थोडी आणि वाळूसारखा अपचनीय अंश फार. नुसत्या तणसावर बैल पोटाने भरतो, पण अंगाने भरत नाही. ती उणीव तुरीचे कुटार, लाखोळीचे भूस आणि धानाचा कोंडा भरून काढतात. तूर व लाखोळी या दोन्ही शेंगवर्गीय असल्यामुळे त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. म्हणजे जे पीक माणसाला डाळ देते, तेच जनावराला चांगले वैरण देते आणि पुढच्या धानाला खतही ठेवून जाते. लाखोळीबद्दल एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. दुष्काळात लोक जेव्हा महिनोन्‌महिने केवळ तिच्यावरच जगत, तेव्हा पाय लुळे पडण्याचा रोग होई, कारण तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने हे द्रव्य अत्यल्प असलेले 'प्रतीक' आणि 'महातिवडा' असे वाण काढले आहेत. मिश्र आहारात थोडी खाणे आणि तिच्यावरच जगणे, यांतला फरक जुन्या माणसांना ठाऊक होता. तो आपणही विसरू नये.

बैलांविषयीही दोन शब्द. आमच्याकडचे बैल पाहून पश्चिम महाराष्ट्रातला माणूस हसेल. ना खिल्लारची ऐट, ना गौळाऊची उंची. बुटके, आटोपशीर, मिळेल ते खाणारे. पण चिखलात हेच बैल टिकतात. भारी देहाचा बैल बांधीत रुततो. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया या भागांतील अशा गुरांची 'कठाणी' ही स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडच्या वर्षांत नोंद केली आहे. ज्याला आपण 'गावठी' म्हणून नाक मुरडत होतो, त्याला नाव मिळाले. शास्त्राला जे आज पटले ते चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला आधीच पटलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेणाचा हिशेब मांडावा हे कोणाला विनोदी वाटेल, पण लहान शेतीचे सारे मर्म त्यात आहे. आमची दोन बैल आणि एक गाय दिवसा चरायला जातात. त्यामुळे निम्मे शेण रानात पडते आणि निम्मे, म्हणजे प्रत्येकी सुमारे पाच किलो, रात्री गोठ्यात मिळते. तीन जनावरांचे रोजचे पंधरा किलो, वर्षाचे साडेपाच टन. त्यात गोमूत्राने भिजलेले तणस, पालापाचोळा, चुलीची राख आणि वाडीतला कचरा मिसळून ते कुजले म्हणजे अंदाजे चार टन खत तयार होते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्धा टक्का धरतात. म्हणजे चार टनांत नत्र किती? वीस किलो.

आता युरियाचे एक पोते घ्या. पोते ४५ किलोचे, त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे वीस किलोंहून थोडे अधिक. आमच्या घरातल्या बायामाणसांनी वर्षभर उचललेले शेण आणि बाजारातले एक पोते, नत्राच्या काट्यावर दोन्ही सारखी! आणि त्या पोत्याची अनुदानित किंमत आहे २६६ रुपये ५० पैसे. मी हा हिशेब प्रथम वहीत मांडला तेव्हा आकडे दोनदा तपासले. मग प्रश्न उभा राहतोच: तीनशे रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी वर्षभर शेणपाणी करायचे कशाला? गावातील तरुण मुले हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही.

याचे उत्तर तीन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा की, नत्र हा खताचा एक घटक आहे. शेणखतात स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म द्रव्ये असतात. शिवाय कित्येक क्विंटल सेंद्रिय पदार्थ असतात, जो युरियात औषधालाही नसतो. त्याच्यामुळे माती भुसभुशीत राहते, ओल धरते, आणि उतेऱ्याच्या पिकाला कापणीनंतरही दीड-दोन महिने पुरते. ज्या बांधीत शेणखत बंद झाले तिथली माती हिवाळ्यात भेगाळते आणि उतेरा साधत नाही. उतेरा गेला की डाळ गेली, वैरण गेली आणि नत्राचा फुकटचा पुरवठाही गेला. दुसरा भाग असा की, बैल आणि गाय ही केवळ शेण देण्यासाठी नसतात. नांगरणी, चिखलणी, बंडीची वाहतूक, घरातले दूध आणि वासरू हे सारे त्याच चाऱ्यातून निघते. एका खर्चाला पाच जमा आहेत. पाचांतली एकच घेऊन तिची किंमत काढली तर हिशेब चुकणारच.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे वीस किलो नत्र मुळात आले कोठून? आमच्या अडीच एकरांतूनच ते काढून पुन्हा तिथेच घातले असते, तर ते वाढले नसते. ते आले गावाच्या गायरानातून, जंगलाच्या कडेच्या गवतातून, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या तलावाच्या पोटातल्या हिरवळीतून. गुरे दिवसभर तिथे चरतात आणि संध्याकाळी ते सारे पोटात घालून घरी येतात. आमची शेती अडीच एकरांची आहे हे सातबाऱ्यावर खरे. परंतु तिला पोसणारी जमीन त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि ती सामाईक आहे. जनावर हा त्या सामाईकातून घरात माल आणणारा हमाल होय.

हा हिशेब संपूर्ण प्रामाणिकपणे पुरा करायचा तर हेही सांगितले पाहिजे की, एक टन धान आपल्या तणसासह सुमारे पंधरा ते वीस किलो नत्र जमिनीतून उचलते. आमच्या बांधीत बऱ्या वर्षी साडेतीन टनांच्या आसपास धान होते. तेव्हा खड्ड्यातले खत साऱ्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास पुरते. उरलेले काही शेंगवर्गीय पिके देतात, काही साचलेल्या पाण्यातले शेवाळ आणि जिवाणू देतात, आणि तरीही पोते-दोन पोती आम्ही विकत आणतो. 'रसायन म्हणजे पाप' असे म्हणणारा मी नाही. परंतु दोन पोती आणणारे घर आणि दहा पोत्यांवाचून ज्याचे पानही हलत नाही असे घर, यांत स्वावलंबनाचा फरक आहे.

लहान जनावरांचे अर्थशास्त्र निराळे आहे. बैल शेताचा, तर शेळी घराची. ती चिंचेचा, बोरीचा, बाभळीचा पाला खाते, दीड-दोन वर्षांत घरात चार पिल्ले होतात, आणि अडचणीच्या दिवशी बाजारात तिचे पैसे रोख मिळतात. धान वर्षातून एकदा विकले जाते, पण घरातला खर्च धानाची वाट पाहत नाही. आजारपण, लग्नाचा आहेर, मुलांची फी या गोष्टी ऐन पावसाळ्यात येतात. माझी पदवीच्या पहिल्या वर्षाची प्रवेश-फी एका बोकडाने भरली, हे मी अभिमानानेच लिहितो. सावकाराच्या दारात जाण्याची पाळी जिच्यामुळे टळते, तिला 'पूरक' म्हणायचे की 'आधार', हे वाचकांनीच ठरवावे.

कोंबडीचे राज्य सांदवाडीत. ही सांदवाडी म्हणजे शहरातल्या बंगल्यामागचा बगिचा नव्हे. मांडवावर वाल आणि दोडका, कुडावर कारले, छपरावर कोहळा, न्हाणीच्या पाण्यावर धोपा आणि केळ, कोपऱ्यात अंबाडी, वांगी, मिरच्या, सांबार, बांधाला शेवगा आणि पपई. विकत घेतलेले पाणी नाही, विकत घेतलेले बी जवळजवळ नाही. आजीच्या गाडग्यात राखेत घोळलेले बियाणे असते. कोंबड्या दिवसभर किडे, वाळवी, सांडलेले दाणे टिपतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण ती स्वतः अंडी उबवते, पिल्ले सांभाळते, आणि तिला विकतचे खाद्य लागत नाही. रोपे लहान असताना मात्र तिला वाडीत शिरू द्यायचे नसते. म्हणून आमच्याकडे वाडीभोवती बांबूचा घट्ट कूड असतो. जनावर आणि बाग एकत्र नांदवायची तर पहिली विद्या कुंपणाची, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचले नाही, पण आजीने शिकवले.

आणि मासे. तलावाच्या मुलखात हा हिशेब माशांशिवाय पुरा होत नाही. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावात सोडतात. मरळ, शिंगी, मागूर हे मूळचेच. पावसाळ्यात पाण्याबरोबर लहान मासे बांधीतही चढतात. तलावावर ढिवर समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पोट आहे, आणि कोणते गवत पाण्यात असले म्हणजे कोणता मासा अंडी घालतो, याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा असे आहे. गुरे तलावाच्या काठावर चरतात, त्यांचे शेण पाण्यात उतरते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर मासे. उन्हाळ्यात तलावाचा गाळ बंडीने शेतात येतो. २०१७ पासून राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने जी योजना चालवली, तिचे मूळ तत्त्व आमच्या गावांना नवे नव्हते.

हे सारे केवळ आमच्या आडगावचे विचार आहेत असे कोणी समजू नये. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहून पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' पाहावा. डोंगरावरील पालापाचोळा आणि जनावरांच्या शेणामुताचे सत्त्व पावसाने वाहून जाते, ते ताली-बंधारे घालून शेतात मुरवावे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. आणि जंगलखात्याने गुरांची चराई बंद केल्यामुळे शेतकरी कसा नागवला, हेही तितक्याच तळमळीने सांगितले. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात काम केलेल्या आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह शेणकचऱ्याच्या कंपोस्टची जी शास्त्रीय रीत बसवली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. हॉवर्ड हे भारतीय शेतकऱ्याला आपला गुरू मानीत. आपल्या कोल्हापूरकडील श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा साधेल याचा ध्यास घेतला. याउलट विनोबांनी पवनारला १९५० च्या सुमारास बैलाशिवाय, केवळ हातांच्या श्रमावर 'ऋषिशेती' करून पाहिली. म्हणजे जनावरावाचूनही शेती होते. पण तिथे व्रतस्थ हात पुष्कळ होते. संसारी कुटुंबाला, ज्याची दोन मुले शाळेत आणि एक कामासाठी नागपुरात आहे, त्याला जनावराचे चार पाय सोडवत नाहीत.

असे असताना गोठे रिकामे का होत आहेत? गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीतले गोठे एकामागून एक मोडले. कोणी त्यात दुचाकी ठेवतो, कोणी किराणा दुकान काढले. आळस हे याचे कारण आहे असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. कारणे सामाईकात आहेत.

चिखलणी आता ट्रॅक्टर एका सकाळी करून जातो. कापणीचे यंत्र धान नेते आणि तणसाचा चुरा बांधीत विखुरते. तो गोळा करणे परवडत नाही. गायरानावर अतिक्रमणे झाली. तलावाच्या पोटात लोक शेती करू लागले आणि उरलेल्या काठावर बेशरमाची झुडपे माजली, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ वाचला पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जंगलाच्या कडेला चरणारी गुरे आता चोरासारखी चरतात, आणि अधूनमधून बिबट्याचे भक्ष्य होतात, हीही वस्तुस्थिती आहे. २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकण्याचा जुना मार्ग बंद झाला. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात न शिरता एवढेच म्हणतो की, निवृत्त बैलाला पोसण्याचा सारा भार अडीच एकरवाल्यावर पडला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गावचा गुराखी, आमच्याकडचा गायकी, गेला. पूर्वी सकाळी सारी गुरे आखरावर जमत, तो त्यांना रानात नेई, आणि प्रत्येक घर त्याला ठरलेले धान्य देई. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गायगोधनाला त्याचा मान असे. त्याच्या मुलाने हे काम धरले नाही, आणि का धरावे? जिथे मान होता तिथे मोबदला मात्र कधीच पुरेसा नव्हता. पण गायकी नसला की प्रत्येक घराला आपल्या तीन गुरांमागे एक माणूस घालवावा लागतो. तो कोठून आणायचा?

यातच आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. गोठ्याचे गुणगान करणारे लेख बहुधा पुरुष लिहितात आणि शेण बहुधा बाया उचलतात. आमच्या घरी आई आणि वहिनी पहाटे आणि संध्याकाळी मिळून तीन तास शेणपाणी, चारापाणी करतात. हिशेबात या तीन तासांची किंमत शून्य धरली म्हणूनच गोठा 'फुकट' वाटतो. ज्या दिवशी घरातले पुरुषही टोपले उचलतील, त्या दिवशी गोठा टिकवण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.

मग करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा आव मी आणत नाही. पण हातात असलेल्या काही गोष्टी आहेत. उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसाने निम्मे नत्र उडून आणि वाहून जाते. त्याऐवजी सावलीत खड्डा, गोठ्याच्या जमिनीवर तणसाचा थर, गोमूत्राला नाली आणि वरून मातीचे लिंपण, एवढ्याने तेच शेण दीडपट मोलाचे होते. पैसा लागत नाही. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याची, वेळेवर लाळ्या-खुरकुताची, शेळ्यांना पी.पी.आर.ची आणि कोंबड्यांना मानमोडीची लस टोचून घेतली तर वर्षाची कमाई एका आठवड्यात मरत नाही. गोबरगॅसच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. तीन चरणाऱ्या जनावरांवर ते चालत नाही, आणि मग हौसेने बांधलेली टाकी कोरडी पडते.

परंतु घरापुरत्या उपायांनी घरापुरतेच भागते. सामाईकासाठी सामाईक प्रयत्न हवा. चार-पाच घरांनी मिळून गुराखी ठेवावा आणि त्याला धान्याऐवजी महिन्याचा रास्त पगार द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि मासेमारीचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मागता येतो. त्यासाठी जुन्या निस्तार हक्कांच्या नोंदी आणि वाजिब-उल-अर्जातली पाने शोधावी लागतात. ही कागदपत्रे जुनी, किचकट आणि तालुक्याच्या दप्तरात असतात. आपण वाचायला-लिहायला शिकलेली मुले आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. पुढच्या शिबिरात एखाद्या गावाचे गायरान, तलावाचे पोट आणि आखर किती होते व किती उरले, याची मोजणी करून तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला तर इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांचे ते प्रात्यक्षिक होईल.

माझे वर्गमित्र विचारतात, पदवी घेतल्यावर तू शेण उचलायला परत जाणार का? प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर गंभीरपणे द्यावेसे वाटते. नोकरी मिळाली तर मी ती करीन. अडीच एकरांवर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे मला कळते. पण गावात जे राहतील त्यांना गोठा ठेवायचा की मोडायचा हे स्वतः ठरवता आले पाहिजे. आज ते ठरवत नाहीत. चरायला जागा नाही, चारणारा नाही, तणस चुरा होऊन गेले, म्हणून गोठा आपोआप मोडतो, आणि त्यालाच आपण प्रगती म्हणतो. गाय विकत घेता येते, शेळी विकत घेता येते. गावाचे गायरान मात्र एकदा गेले की कोणत्याही बाजारात ते विकत मिळत नाही. ते राखले तरच अडीच एकरांची शेती टिकेल.